अँड्रॉइड स्टुडिओचं 'इमेज ॲसेट': देवनागरी आयकॉन करणाऱ्यांनी वापरावंच

अप्पा बळवंत चौकातल्या एका पुस्तकाच्या दुकानाचं ॲप सध्या माझ्याकडे आहे. दुकानाची खूण म्हणजे ठसठशीत 'ग्रं'. आधीच्या ॲपमध्ये तो मालकांच्या फोनवर नीट दिसायचा, पण त्यांच्या मुलीच्या फोनवर अनुस्वार गायब. "मॅडम, आमचं टिंबच खाल्लंय हो त्याने," मालक काका म्हणाले.

त्याचं कारण साधं आहे. अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, आयकॉनचे दोन थर असतात. पुढचा आणि मागचा, दोन्ही १०८ बाय १०८ डीपीचे (डीपी म्हणजे कुठल्याही स्क्रीनवर साधारण तेवढंच दिसणारं माप). त्यातला मधला ७२ डीपीचा भागच दिसतो, आणि तो गोल कातरायचा की चौकोनी, हे फोनवर अवलंबून. हमखास शाबूत राहतं ते मधलं ६६ डीपी व्यासाचं वर्तुळ. आता 'ग्रं'चा अनुस्वार बसतो उजवीकडच्या उभ्या दांडीच्या डोक्यावर, म्हणजे अगदी कोपऱ्यात. गोल कातरलं की आधी तोच जातो. वेलांटी, रफार, मात्रा, सगळ्यांना हाच धोका आहे.

म्हणूनच अँड्रॉइड स्टुडिओ या ॲप बनवायच्या प्रोग्राममधलं आयकॉन तयार करणारं साधन, इमेज ॲसेट, मला मनापासून आवडतं. ॲपची चित्रं वगैरे असतात त्या रेस फोल्डरवर राइट क्लिक करून ते उघडायचं आणि आपलं चित्र द्यायचं. गोल, चौकोनी, गोलसर कोपऱ्यांचा, असे सगळे आकार शेजारी शेजारी दिसतात, सुरक्षित वर्तुळाची रेघसुद्धा. पट्टी सरकवत अक्षर लहान करत जायचं. चौरस बांध्याचं अक्षर साधारण ४६ डीपीच्या चौकटीत बसवलं की चारही कोपरे वर्तुळात राहतात. आम्ही काकांना शेजारी बसवून हे केलं आणि टिंब कुठेच कापलं जात नाही, हे त्यांनी स्वतः बघितलं. पुढे जुन्या फोनांसाठी ४८, ७२, ९६, १४४ आणि १९२ पिक्सेलचे आयकॉन आणि प्ले स्टोअरसाठी ५१२ पिक्सेलचं चित्र ते स्वतःच तयार करतं. जुनी फाइल पुसली जाणार असेल तर आधी लाल रंगात दाखवतं.

पण हे सगळं आयकॉनपुरतं. ॲपच्या वरच्या पट्टीत दुकानाचं नाव चित्र म्हणून हवं असेल, तर शिरोरेषेची काळजी आपणच घ्यायची. डेन्सिटीचं, म्हणजे एका डीपीत किती पिक्सेल बसतात त्याचं, प्रमाण फोनगणिक १, १.५, २, ३, ४ असं चढतं. शिरोरेषा ३ डीपी जाड ठेवली की एचडीपीआय, म्हणजे दीडपट डेन्सिटीच्या, फोनवर ती साडेचार पिक्सेल होते, आणि उरलेला अर्धा पिक्सेल राखाडी, पुसट दिसतो. ४ डीपी ठेवली तर ४, ६, ८, १२, १६ असे पूर्ण आकडे येतात. देवनागरीत डोळा आधी त्या रेघेवरच जातो, त्यामुळे मी इथे तडजोड करत नाही. हेच नाव व्हेक्टर म्हणून, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषा-आकारांच्या रूपात, आणायचं असेल तर सोबतचं 'व्हेक्टर ॲसेट' उत्तम आहे, फक्त एसव्हीजी या व्हेक्टर फाइलमधली अक्षरं आधी आकारांत बदलून घ्या. मजकूर म्हणून ठेवलेली अक्षरं त्याला चालत नाहीत.

मुखपृष्ठांच्या फोटोंना या साधनाचा उपयोग नाही. तिथे राइट क्लिकमधलं 'कन्व्हर्ट टू वेबपी', म्हणजे चित्र वेबपी या हलक्या फाइलप्रकारात बदलणं, कामाला येतं. ते मूळ आणि नवं चित्र शेजारी दाखवतं. मुखपृष्ठावरची बारीक अक्षरं फुटत नाहीत ना, हे तिथेच तपासा. आणि फोटो नुसत्या ड्रॉएबल फोल्डरमध्ये टाकू नका, ही माझी कळकळीची विनंती. ते फोल्डर एमडीपीआयचं, म्हणजे एकपट डेन्सिटीचं, धरलं जातं. १००० बाय १००० चं चित्र तिथून घेतलं की एक्सएक्सएचडीपीआय, म्हणजे तिप्पट डेन्सिटीचा, फोन ते तिप्पट करून ३००० बाय ३००० करतो. दर पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे एका मुखपृष्ठाला ३६ एमबी मेमरी. अशी दहा मुखपृष्ठं एका पानावर आली की साधा फोन अडकणारच. फोटो नोडीपीआय फोल्डरमध्ये ठेवा, तिथली चित्रं फोन डेन्सिटीप्रमाणे मोठी करत नाही, नाहीतर सर्व्हरवरून हव्या त्या मापाचे आणा.

साधन फुकट आहे, अँड्रॉइड स्टुडिओसोबतच येतं. आयफोनसाठी ते नाही. तिथे ॲपलच्या एक्सकोड या ॲप बनवायच्या प्रोग्राममध्ये, आवृत्ती १४ पासून, १०२४ पिक्सेलचं एकच चित्र पुरतं आणि कोपरे आयफोन स्वतः गोल करतो. आमचा 'ग्रं' तिथेही त्याच प्रमाणात ठेवला आहे, टिंबाला चारही बाजूंनी मोकळी जागा सोडून.