अँकी सात महिने वापरल्यावर: मेडिकल टर्मिनॉलॉजी आणि एचएसआरटीची तयारी

सप्टेंबरमध्ये अँकी हे पाठांतराचं अ‍ॅप फोनवर घेतलं आणि एप्रिलमध्ये दोन्ही परीक्षा दिल्या. मधले दोन आठवडे सोडले तर रोज वापरलंय, त्यामुळे आता मत द्यायला हरकत नाही.

मी ह्यूस्टनला राहते. इथल्या एका कॉलेजात रेडिओग्राफीच्या, म्हणजे एक्स-रे काढायच्या, कोर्सला प्रवेश हवा होता आणि त्यासाठी दोन परीक्षा होत्या: मेडिकल टर्मिनॉलॉजी आणि हेल्थ सायन्सेस रीझनिंग टेस्ट, म्हणजे एचएसआरटी. मी साताऱ्याची, बी.कॉम. झालेली. जीवशास्त्र दहावीनंतर हातात धरलं नव्हतं.

अँकी हे फ्लॅशकार्डांचं अ‍ॅप, म्हणजे पुढे प्रश्न आणि मागे उत्तर असलेली कार्डं. जपानीत या शब्दाचा अर्थच पाठांतर. उत्तर आठवलं की नाही ते आपण बटण दाबून सांगायचं. आठवलं तर ते कार्ड काही दिवसांनी, मग आणखी लांब अंतराने येतं. विसरलं तर लगेच पुन्हा समोर. कॉम्प्युटर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर एकदाच साधारण 25 डॉलर भरावे लागतात.

पहिला महिना वाया गेला. कुणीतरी बनवलेला अठराशे कार्डांचा तयार डेक उतरवून घेतला आणि रोज 20 नवी कार्डं सुरू केली. तिसऱ्या आठवड्यात रोजची उजळणी दोनशेच्या वर गेली. शब्द ओळखीचे वाटायचे, पण सराव परीक्षेत तोच शब्द दुसऱ्या शब्दाला जोडून आला की काही सुचायचं नाही. शेवटी तो डेक काढून टाकला आणि स्वतःची कार्डं करायला घेतली: पूर्ण शब्द नाही, शब्दाचा एकेक तुकडा. आठ-दहाच नवी, पण रोज.

आणि इथे आपली भाषा मदतीला आली, ती कशी ते सविस्तर सांगते. वैद्यकीय शब्द बहुतेक ग्रीक-लॅटिन. या भाषा आणि संस्कृत एकाच कुळातल्या, त्यामुळे कितीतरी तुकडे आपल्या घरातलेच निघतात. ऑस्टिओ म्हणजे अस्थी. डेंट म्हणजे दंत. नेझल म्हणजे नासिकेचं. ऑनिको म्हणजे नख, जेनू म्हणजे जानु, गुडघा. हिपॅट आणि यकृत ऐकायला लांबचे वाटतात, पण मूळ एकच. उपसर्गांचंही तेच: हायपर म्हणजे उपरि, हायपो म्हणजे उप, पेरी म्हणजे परि, डिस म्हणजे दुस्. एन्टेरो आणि आपलं आंत्र, म्हणजे आतडं, ही जोडी सापडली त्या रात्री मी डिसेन्ट्री हा शब्द फोडून पाहिला. दुस् आणि आंत्र, बिघडलेलं आतडं! लहानपणापासून ऐकलेल्या शब्दाचा अर्थ तेव्हा कळला. त्यानंतर प्रत्येक कार्डाच्या मागे इंग्रजी अर्थाखाली मराठी नातेवाईक लिहायला लागले. ज्यांना नातेवाईक मिळाला ती कार्डं क्वचितच विसरले.

सगळ्यांना मिळत नाही. शेवटचे प्रत्यय घोकावेच लागतात: एक्टमी म्हणजे कापून काढणं, ऑटमी म्हणजे छेद घेणं, ऑस्टमी म्हणजे बाहेर उघडणारं तोंड करणं. स्पेलिंगसाठी अँकीत उत्तर टाइप करायची सोय आहे, ती जरूर वापरा. इलियम दोन आहेत, उच्चार सारखाच. तिसरं अक्षर ई असेल तर लहान आतड्याचा शेवटचा भाग, आय असेल तर कमरेचं हाड. नुसतं वाचून हे मला कधीच पक्कं झालं नाही. टाइप करून चार वेळा चुकले आणि मग झालं.

जानेवारीत आईच्या ऑपरेशनसाठी साताऱ्याला गेले. डिस्चार्ज कार्डावर कोलेसिस्टेक्टमी लिहिलं होतं. आईने विचारलं, “काय गं लिहिलंय एवढं लांबलचक?” मी बोट ठेवून वाचलं: कोले म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी, एक्टमी म्हणजे काढली. “एवढंच होय,” म्हणाली आणि कार्ड घडी करून उशीखाली ठेवलं. परत आले तेव्हा सहाशे कार्डं साठली होती. नवी कार्डं बंद केली आणि रोज शंभर करत सहा-सात दिवसांत उरकली. असं झालं तर घाबरून डेक पुसू नका.

आता एचएसआरटी. इथे अँकीचा उपयोग शून्य, आणि मी दोन महिने उगाच हट्ट धरला. सराव प्रश्नांची कार्डं केली, तर उत्तरंच पाठ झाली. या परीक्षेला वैद्यकीय ज्ञान लागतच नाही. लागणारी माहिती प्रश्नातच असते. बघायचं असतं ते हे, की त्या माहितीतून काय निघतं आणि काय निघत नाही. मला 33 प्रश्नांना 50 मिनिटं होती, म्हणजे प्रश्नामागे दीड मिनिट.

मग एक वही केली. प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे तो का चूक, हे मराठीत एका वाक्यात लिहायचं. इंग्रजीत लिहिलं की प्रश्नातलेच शब्द उलटसुलट करून कागदावर उतरायचे आणि समजल्यासारखं वाटायचं. मराठीत लिहिताना भोक लगेच दिसतं. उदाहरणार्थ: हा संसर्ग असेल तर ताप येतोच, रुग्णाला ताप आहे, म्हणून संसर्ग आहे. इंग्रजीत हे मला तीनदा पटलं होतं. वहीत लिहिलं, “पाऊस पडला की अंगण ओलं होतं, पण अंगण ओलं दिसलं तर कुणी सडाही घातला असेल.” पुन्हा तशा प्रश्नाला फसले नाही.

आकड्यांच्या प्रश्नांना माणसं मोजा, टक्के नकोत. हजारात दहा आजारी, चाचणी त्यातले नऊ पकडते, आणि निरोगी 990 पैकी 99 जणांनाही चुकून आजारी ठरवते. मग आजारी ठरलेले 108, खरे आजारी नऊच. चौकट काढून माणसं भरली की हे अर्ध्या मिनिटात दिसतं.

टर्मिनॉलॉजीसाठी अँकी मी कुणालाही डोळे झाकून सुचवेन, पण कार्डं स्वतःची हवीत आणि तीन महिने तरी हाताशी हवेत. वही मात्र पहिल्याच दिवशी सुरू करा. मी ती फेब्रुवारीत केली आणि शेवटचे चार प्रश्न वेळेअभावी अंदाजाने सोडवावे लागले. प्रवेश मिळाला आहे. ऑगस्टमध्ये अ‍ॅनाटॉमी सुरू होईल, त्यासाठी हाडांची कार्डं करायला घेतली आहेत, सध्या मनगटाच्या आठ हाडांपाशी आहे.