व्हिसाचा फोटो, बायोडेटाचा फोटो: कोथरूडमधील एका स्टुडिओचा अनुभव

कोथरूडमध्ये मुख्य रस्त्यापासून थोड्या आत असलेल्या एका लहानशा फोटो स्टुडिओत आम्ही नुकतीच दोन कामे करून घेतली: आईचा जर्मनीच्या व्हिसासाठीचा फोटो आणि भाचीचा लग्नाच्या बायोडेटासाठीचा फोटो. पहिला फोटो माणूस ओळखता यावा म्हणून असतो, तर दुसरा पाहणाऱ्याला आवडावा म्हणून. आणि त्यामुळे दोन्हींत चेहऱ्यावरचा भाव निराळा हवा. हे इतके नेमके जाणणारा छायाचित्रकार मला याआधी भेटला नव्हता, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

जर्मनीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाच्या (युरोपातील अनेक देशांच्या सामाईक व्हिसाच्या) फोटोचे नियम कडक आहेत. आकार ३५ बाय ४५ मिलिमीटर, त्यात चेहऱ्याची उंची ३२ ते ३६ मिलिमीटर, तोंड मिटलेले, डोळे पूर्ण उघडे आणि चेहरा निर्विकार. हसताना ओठ पसरतात, गाल वर चढतात, डोळे बारीक होतात आणि यंत्र ज्या ठेवणीवरून चेहरा ताडून पाहते ती ठेवणीच बदलते, हे या नियमामागचे मुख्य कारण. आईला कॅमेरा दिसताच हसण्याची सवय आहे. अशा वेळी बहुतेक ठिकाणी ‘हसू नका’ असे बजावतात आणि मग फोटोत दटावल्यासारखा चेहरा येतो. येथील छायाचित्रकाराने मात्र, ‘‘काकू, श्वास हळूहळू सोडा, दातावर दात दाबू नका आणि फक्त इकडे बघा,’’ एवढेच सांगितले. जबडा सैल पडला, कपाळ मोकळे झाले आणि नियमात बसणारा, तरीही आईचाच वाटणारा चेहरा मिळाला.

निर्विकार चेहरा यंत्राला सोयीचा असला, तरी माणसाच्या डोळ्यांना तो तितकासा उपयोगी पडतोच असे नाही. मिलेवा आणि बर्टन या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले की, अनोळखी व्यक्तीचे दोन फोटो एकमेकांशी ताडताना दोन्हींत दात दिसणारे हसू असेल, तर माणसे अधिक अचूक ठरतात, कारण प्रत्येकाच्या हसण्याची काही खास ठेवण असते. अनोळखी चेहरा ओळखण्यात आपण सगळेच कच्चे असतो. ऑस्ट्रेलियातील पासपोर्ट अधिकाऱ्यांच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, समोर उभी असलेली व्यक्ती फोटोतली नसतानाही सुमारे १४ टक्के वेळा तीच समजली गेली होती.

बायोडेटाच्या फोटोसाठी त्यांनी पुष्कळ वेळ दिला, आणि या स्टुडिओचे खरे कसब तिथेच दिसले. फ्रेंच वैद्य द्युशेन यांनी १८६२ मध्येच नोंदवले होते की, ओठांचे कोपरे आपण ठरवून वर ओढू शकतो, पण डोळ्याभोवतीचा स्नायू मनापासूनच्या आनंदाशिवाय सहसा साथ देत नाही. छायाचित्रकाराने भाचीला ‘स्माइल’ म्हणून एकदाही सांगितले नाही. तिच्या नोकरीविषयी, कॉलेजातल्या एकांकिकेविषयी बोलत बोलत ते बटण दाबत राहिले, आणि हसू फुलतानाचे व ओसरतानाचे दोन्ही क्षण त्यांनी टिपले. अनोळखी चेहराही हसरा असला की पूर्वी कुठे तरी पाहिल्यासारखा वाटतो, असे बोदुआँ आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवले आहे. ज्या घरात हा बायोडेटा उघडला जाईल त्यांनी मुलीला कधीही पाहिलेले नसते, आणि चेहऱ्याविषयीचे पहिले मत तर सेकंदाच्या दहाव्या भागातच बनते. तेव्हा हा तपशील किरकोळ नाही.

फोटो निवडताना त्यांनी भाचीला जरा थांबायला सांगितले आणि तिला न ओळखणाऱ्या आपल्या सहायकाला पसंती विचारली. हे मला फार पटले. स्वतःची ओळख करून देणारा फोटो आपण स्वतः निवडण्यापेक्षा परक्याने निवडलेला इतरांवर अधिक चांगली छाप पाडतो, असे २०१७ च्या एका अभ्यासात आढळले आहे. आपल्याला स्वतःचा चेहरा आरशातला, म्हणजे उलटा, पाहण्याची सवय असते आणि तोच आवडतो. मित्रमंडळींना सुलट चेहराच आवडतो. हा फरक १९७७ मध्येच तपासला गेला आहे. भाचीने नापसंत केलेलाच एक फोटो घरात सर्वांना आवडला, याचे मला आता आश्चर्य वाटत नाही.

शेवटी त्यांनी एकच फोटो न देता तीन दिले: मोकळे हसणारा, किंचित हसणारा आणि शांत. ‘‘एका फोटोत माणूस मावत नाही, ताई,’’ असे ते म्हणाले. जेंकिन्स आणि सहकाऱ्यांचा २०११ चा प्रयोग हेच सांगतो. दोन डच प्रसिद्ध स्त्रियांचे प्रत्येकी वीस फोटो ब्रिटिश लोकांना व्यक्तीनुसार वेगळे करायला दिले, तेव्हा त्यांनी सरासरी सात-आठ गठ्ठे केले, म्हणजे तितक्या वेगवेगळ्या स्त्रिया मानल्या. त्या चेहऱ्यांशी परिचित असलेल्या डच लोकांना मात्र हे काम जवळजवळ बिनचूक जमले. स्थळे पाहणाऱ्या प्रत्येक घराने एकाच फोटोवरून नकार कळवण्यापूर्वी याचा विचार करावा, असे मला मनापासून वाटते.

तक्रार एकच आहे, पण ती गंभीर आहे. पहिल्या प्रिंटमध्ये रिटचिंग करताना डोळ्यांच्या कोपऱ्यांतील बारीक रेषा पुसून टाकल्या होत्या. ओठ हसत होते, डोळे नव्हते. इतक्या कष्टाने मिळवलेले हसू संगणकावर खोटे झाले होते. सांगितल्यावर त्यांनी विनामूल्य नवे प्रिंट दिले, तेही त्याच संध्याकाळी. तरीही हे ग्राहकाने सांगावे लागू नये. दर आसपासच्या दुकानांपेक्षा थोडे जास्त आहेत, परंतु दिलेला वेळ पाहता ते वाजवी वाटतात. संध्याकाळी गर्दी असते आणि गर्दीत असा निवांतपणा मिळणे कठीण, म्हणून बायोडेटाच्या फोटोसाठी सकाळची वेळ आधी ठरवून जावे आणि रिटचिंग कितपत हवे ते फोटो काढण्यापूर्वीच स्पष्ट सांगावे.