सुमिदा होकुसाई म्युझियम, टोकियो: एका छपाईवाल्याच्या नजरेतून

लेकीकडे किंवा लेकाकडे टोकियोला आला असाल आणि एकच दुपार मोकळी असेल, तर र्‍योगोकूचं हे म्युझियम बघाच. मी पुण्यात उभा जन्म ऑफसेट छपाईत काढला आहे. त्यामुळे माझी नजर चित्राआधी छपाईवर जाते, हे आधीच सांगून ठेवतो.

२०१६ साली उघडलेली ही इमारत काझुयो सेजिमा यांच्या आराखड्याची, बाहेरून सगळी ॲल्युमिनियमची. जागा अगदी योग्य आहे. जपानी चित्रकार होकुसाई १७६० साली याच होंजो भागात जन्मला आणि आयुष्याचा मोठा काळ इथेच आसपास राहिला. कायमच्या दालनाचं तिकीट ४०० येन, पासष्टीपुढच्यांना ३००, म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा. सोमवारी बंद.

कायमच्या दालनातली चित्रं हुबेहूब प्रती आहेत. यावर काही जण नाक मुरडतात, पण मला म्युझियमचं बरोबर वाटतं. हे रंग उजेडाने उडतात, बारा महिने दिव्याखाली ठेवले तर काही उरणार नाही. मूळ छाप विशेष प्रदर्शनात मोजक्या दिवसांसाठी बाहेर येतात, त्याचं तिकीट वेगळं.

होकुसाईचं ते प्रसिद्ध लाटेचं चित्र ए-थ्री कागदापेक्षाही जरा लहानच आहे. तेवढ्यात तीन होड्या, वाकून बसलेले नावाडी आणि मागे एवढासा फुजी पर्वत. निळा रंग त्या काळी परदेशातून नव्याने येऊ लागलेला प्रशियन निळा. मी मात्र रेषा आणि रंग जुळतात कसे, तेच बघत उभा राहिलो. छपाईचा कागद ओलसर असतो, रंगागणिक लाकडी ठसा बदलून तोच कागद पुन्हा पुन्हा लावायचा. ओला कागद किती ताणतो, ते छापखान्यातल्या कुणालाही विचारा. तरी रंग हलत नाही, कारण प्रत्येक ठशाच्या कडेला दोन खाचा कोरलेल्या असतात, एक कोपऱ्यात काटकोनी आणि एक सरळ. कागद तिथे टेकवायचा आणि सोडायचा. आमच्या मशीनवर फ्रंट ले आणि साइड ले, म्हणजे कागद समोरून आणि बाजूने अडवणारे टेकू, हेच काम करतात. इथे मशीन म्हणजे माणसाचा हात. बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या चकतीने कागद पाठीमागून घासायचा. आकाशाची गडद-फिकी छटासुद्धा ठशावर हाताने रंग पुसत आणायची, प्रत्येक प्रतीला नव्याने.

होकुसाई पोरवयात स्वतः ठसे कोरायला शिकला होता. कात्सुकावा शुन्शोच्या हाताखाली चित्रकार म्हणून गेला तो त्यानंतर. म्हणूनच सत्तरी उलटल्यावरही कोरणाऱ्याच्या हातावर त्याची नजर होती. काम एगावा तोमेकिचीलाच द्या, असं तो प्रकाशकाला पत्रातून कळवायचा. एकदा कोरणाऱ्याने नाक-डोळे आपल्या वळणाचे केले, तेव्हा कसे हवेत आणि कसे नकोत ते त्याने पत्रातच काढून दाखवलं. प्रूफ असं वाचणारं गिऱ्हाईक मिळायला भाग्य लागतं. दालनात फिरताना चित्रकाराचं नाव सारखं भेटतं. कोरणारे आणि छापणारे मात्र त्या काळच्या बहुतेक सुट्या चित्रांवर निनावीच राहिले, याचं मला फार वाईट वाटतं.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो माणसाएवढ्या पुतळ्यांच्या देखाव्याला. ऐंशी ओलांडलेला होकुसाई खांद्यावर गोधडी घेऊन जमिनीवर ओणवा चित्र काढतोय, शेजारी लेक ओई. म्हाताऱ्याचा हात खरंच हलतो, तिथे माझा श्वास अडकला. एका शिष्याने काढलेल्या चित्रावरून हे उभं केलंय. त्या चित्रात भिंतीवर सूचना आहे, की चित्रवह्या आणि पंखे रंगवून मिळणार नाहीत. पसारा आवरायचा नाही, घरच बदलायचं, असं बापलेकीचं चालायचं. त्याने एकूण ९३ घरं बदलल्याचं सांगतात. ओई स्वतः उत्तम चित्रकार होती. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर ती बापाकडे आली आणि शेवटपर्यंत त्याच्याजवळ राहिली. त्या दोघांसमोर पाच मिनिटं तरी थांबा.

माहिती इंग्रजीतही आहे, टच स्क्रीनवर मुलं रमतात. जेआरच्या र्‍योगोकू स्टेशनवरून चालत दहाएक मिनिटं. निघण्याआधी वेबसाइटवर विशेष प्रदर्शन कोणतं चालू आहे ते बघून घ्या आणि असेल तर त्याचंच तिकीट काढा, त्यावर त्या दिवशी कायमचं दालनही बघता येतं, आणि मूळ छाप तिथेच बघायला मिळतात.