शहराचा उकाडा मोजायचा: उपग्रहावरून की दुचाकीवरून?

छत्रपती संभाजीनगरात लँडसॅट 8 आणि 9 या उपग्रहांचं चित्र फुकट मिळतं, दर 8 दिवसांनी अख्खं शहर दिसतं. पण ते मोजतं पृष्ठभागाचं तापमान, तेही सकाळी साडेदहाच्या सुमारास. मे महिन्यात नांगरून पडलेलं काळं रान शहरापेक्षा तापलेलं दिसतं आणि नवखा अभ्यासक म्हणतो, शहर थंड आहे! शिवाय उष्णतेच्या मूळ नोंदीत चित्राचा एकेक ठिपका 100 मीटरचा. जुन्या शहरातल्या गुलमंडीची गल्ली त्यात हरवते.

माणसाला छळते ती रात्रीची हवा. त्यासाठी दुचाकीच बरी. तापमानाचा सेन्सर दीड-दोन मीटर उंच, पांढऱ्या हवेशीर आवरणात, इंजिन आणि सायलेन्सरपासून लांब बांधा. सूर्यास्तानंतर दोनेक तासांनी निघा. गुलमंडी, शहागंज, हिमायतबाग, सिडको करत तासाभरात सुरुवातीच्या जागी परत या. निघतानाच्या आणि परतल्यावरच्या आकड्यांतला फरक वेळेच्या प्रमाणात वजा करा, नाहीतर रात्र निवत जाते तो गारवा तुम्ही सिडकोच्या नावावर लिहाल. सेन्सरला स्थिरावायला 60 सेकंद लागत असतील, तर ताशी 20 किलोमीटर वेगात नोंद 333 मीटर मागे पडते. झटपट प्रतिसाद देणारा सेन्सरच घ्या. सिग्नलवर थांबल्याच्या नोंदी वगळा.

शहरातल्या कुठल्या भागाचा पृष्ठभाग सकाळी जास्त तापतो, एवढंच हवं असेल तर उपग्रह पुरतो.