शेअरएक्स: काही महिने रोज वापरल्यानंतर

शेअरएक्स हे विंडोजवर स्क्रीनशॉट घेण्याचं साधन. दिवसाला एक-दोन स्क्रीनशॉट लागत असतील तर त्याच्या वाटेला जाऊ नका. विंडोज-शिफ्ट-एस दाबा, हवा तो भाग निवडा, पेस्ट करा, झालं. पण मॅन्युअल लिहिणं, सॉफ्टवेअरमधले बग कळवणं, पायऱ्यापायऱ्यांनी काही शिकवणं हे रोजचं काम असेल, तर हे मोफत, ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं) साधन लवकरच हाताला बसतं. अडचण एकच: इंजिन दणकट, पण सुरुवातीच्या सेटिंग्ज तशाच ठेवल्या तर वैताग येतो.

सगळ्यात आधी प्रिंट स्क्रीनची कळ. विंडोज 11 च्या अलीकडच्या आवृत्त्यांत ती स्निपिंग टूलला, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या स्क्रीनशॉट साधनाला, दिलेली असते, आणि कधी वनड्राइव्ह ही मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन फाइल साठवणही तिच्यावर हक्क सांगते. कळ दाबल्यावर भलतंच काही उघडत असेल तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, मग कीबोर्ड इथे जाऊन या कळीने स्निपिंग टूल उघडण्याचा पर्याय बंद करा. वनड्राइव्हमधलं स्क्रीनशॉट आपोआप सेव्ह करण्याचं बटणही बंद करा. मग कंट्रोल-प्रिंट स्क्रीनने निवडलेला भाग आणि ऑल्ट-प्रिंट स्क्रीनने चालू विंडो नीट मिळते.

दुसरी गोष्ट सहज लक्षात येत नाही. शेअरएक्सच्या इमेज सेटिंग्जमध्ये, फाइल ठराविक आकारापेक्षा मोठी झाली की पीएनजीऐवजी जेपेग (दोन्ही चित्रांच्या फाइलचे प्रकार) वापरण्याचा पर्याय असतो. फोटोसाठी ठीक, पण स्क्रीनवरच्या अक्षरांची त्याने वाट लागते. जेपेग रंगाची माहिती कमी करतं, त्यामुळे अक्षरांच्या कडेला धूसर ठिपके येतात आणि पांढऱ्यावरची लाल अक्षरं तर हमखास फिसकटतात. छोटे शॉट स्वच्छ आणि पूर्ण स्क्रीनचे मळकट येत असतील तर आधी इथेच बघा.

शॉट घेतल्यावर काय करायचं हे ठरवणाऱ्या 'आफ्टर कॅप्चर' यादीत सेव्ह आणि कॉपी या दोनच खुणा पुरेशा आहेत. त्याच यादीत अपलोडची खूणही असते. ती चुकून लागली तर प्रत्येक शॉट बाहेरच्या सर्व्हरवर जातो. ऑफिसच्या मशीनवर हे आधी तपासा.

एडिटर मात्र खरोखर सुरेख. क्रमांकाचे गोळे क्लिकसरशी 1, 2, 3 असे आपोआप वाढत जातात. एवढ्या एका सोयीसाठीही हे साधन ठेवावं. माहिती झाकायला ब्लर (धूसर करणं) किंवा पिक्सेलेट (मोठ्या चौकटींत फोडणं) वापरू नका. फॉन्ट ओळखीचा असेल तर पिक्सेलेट केलेल्या मजकुराचा अंदाज बांधता येतो, हे जाहीरपणे दाखवून झालं आहे. भरीव काळा चौकोन टाका आणि इमेज म्हणून सेव्ह करा. क्रॉप केलं म्हणजे भाग गेलाच असं मानणंही धोक्याचं: विंडोजच्या स्निपिंग टूलमध्ये 2023 साली असा दोष सापडला होता, की जुन्याच फाइलवर सेव्ह केल्यास कापलेल्या भागाचा डेटा फाइलच्या शेवटी तसाच राहायचा. तो दुरुस्त झाला, पण त्याआधीच्या फाइल्स आपोआप सुधारत नाहीत.

लांब पानाचा एकच शॉट घेणाऱ्या स्क्रोलिंग कॅप्चरकडून फार अपेक्षा नकोत. हे फीचर पान थोडं थोडं सरकवून तुकडे एकमेकांशी जुळवतं. वर चिकटून राहणारी पट्टी किंवा हलती जाहिरात असली की जुळणी फसते, आणि ओळी दुप्पट होतात किंवा गळतात. पान आधी एकदा तळापर्यंत सरकवून चित्रं लोड करून घ्या आणि दोन स्क्रोलमधला वेळ वाढवा. वेबपानासाठी मात्र फायरफॉक्सचा स्वतःचा पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट जास्त भरवशाचा, कारण तो तुकडे जोडत बसत नाही.

एचडीआर (स्क्रीनचा जास्त उजळ रंग दाखवणारा मोड) चालू असेल तर चित्र फिकट, चुना फासल्यासारखं येऊ शकतं. विंडोज-ऑल्ट-बी ने एचडीआर तेवढ्यापुरतं बंद करा. दोन मॉनिटरांचं स्केलिंग, म्हणजे अक्षरं-बटणं किती मोठी दिसावीत ते प्रमाण, वेगळं असेल, समजा 100 आणि 150 टक्के, तर तोच डायलॉग एका शॉटमध्ये दीडपट मोठा येतो. दस्तऐवजासाठी सगळे शॉट एकाच मॉनिटरवर घ्या. कॉपीराइट संरक्षण असलेला व्हिडिओ काळाच येतो. त्यात साधनाचा दोष नाही.

उघडा मेन्यू टिपायचा असेल तर ऑल्टची जोडी टाळा, ती दाबताच मेन्यू मिटतो. कॅप्चर मेन्यूत दोन-तीन सेकंदांचा विलंब ठेवा.

सगळं बसलं की सेटिंग्ज एक्स्पोर्ट करून ठेवा, दुसऱ्या मशीनवर ही घडी पुन्हा बसवायला नको. लिनक्सवाल्यांनी फ्लेमशॉट हे स्क्रीनशॉट साधन बघावं. शेअरएक्स फक्त विंडोजसाठी आहे.