पुराच्या बोटीला इंजिन कुठलं: टू-स्ट्रोक, फोर-स्ट्रोक की बॅटरीचं?

२००५च्या पुरात आमच्या गल्लीतली म्हातारीकोतारी गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून बाहेर आली. २०१९ला कोल्हापुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली. धोका पातळी ४३ फुटांची. त्या ओढीला काहील सोडाच, वल्ह्याची नावही दाद देईना. मग मंडळानं वर्गणी काढून फायबरची बोट आणि इंजिन घेतलं. आता नदीकाठची दुसरी मंडळं विचारतात, इंजिन कुठलं घेऊ? म्हणून हे लिहितोय.

बॅटरीच्या मोटारीचं आधी उरकतो. ५५ पौंड रेट्याची मोटार पूर्ण वेगात साधारण ५० अँपिअर ओढते. १०० अँपिअर-तासाची लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे हातात जेमतेम तास. तलावावर गळ टाकून बसणाऱ्याला ही उत्तम, आवाज नाही, धूर नाही. पुराच्या धारेत ती नेऊ नका.

खरी निवड आठ-दहा हॉर्सपॉवरच्या दोन पेट्रोल इंजिनांत: टू-स्ट्रोक, ज्यात तेल पेट्रोलमध्येच मिसळतात, आणि फोर-स्ट्रोक, ज्यात तेल आत वेगळं असतं. फोर-स्ट्रोक पेट्रोल कमी पितं, धूर नाही, आवाज इतका कमी की माडीवरून कुणी हाक मारली तर ऐकू येते. पुरात ही मोठी गोष्ट आहे. तेल मिसळायची कटकटही नाही. टू-स्ट्रोकला पेट्रोलच्या लिटरमागे २० मिली तेल, म्हणजे पन्नासास एक, आणि नवं असताना पुस्तिकेत सांगितलं असेल तसं जास्त. तेल बोटीच्या इंजिनाचंच हवं, डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं. घरात जुन्या स्कूटरचं तेल पडलंय म्हणून तेच ओतणारे आमच्याकडेही निघाले होते.

एवढं असूनही मी मंडळांना टू-स्ट्रोकच सुचवतो. कारण २०२१ची एक रात्र. शेजारगावचं फोर-स्ट्रोक इंजिन ट्रॉलीतून आणताना घाईत भलत्या कुशीवर आडवं ठेवलं गेलं. आतलं तेल सिलिंडरमध्ये उतरलं. पोरं आळीपाळीनं दोरी ओढतायत, "पेट्रोल हाय, चोक हाय, मग का पेटंना?" शेवटी प्लग काढला, तो तेलानं निथळत होता. प्लग बाहेर ठेवून दोरी ओढत सिलिंडरमधलं तेल फेकलं, प्लग पुसून बसवला, तेव्हा कुठं इंजिन धडधडलं. पाऊण तास गेला आणि तिकडं माणसं पत्र्यावर बसलेली. फोर-स्ट्रोक पुस्तिकेत दाखवलेल्या कुशीवरच झोपवायचं असतं. टू-स्ट्रोकला हे भय नाही, ते वजनालाही हलकं, आणि दुचाकीचा जुना मिस्त्री ते डोळे झाकून खोलतो. वर्षाचे अकरा महिने पडून राहणाऱ्या, दहा हातांतून जाणाऱ्या इंजिनाला हा साधेपणा लाखमोलाचा.

ज्याची होडी रोज पाण्यात आहे, मासेमारी असो की पैलतीरी माणसं सोडणं, त्यानं मात्र फोर-स्ट्रोकच घ्यावं. पेट्रोलच्या बचतीतून जादा किंमत वसूल होते, आणि एकच माणूस सांभाळत असला की तेलाची पातळी रोज बघितली जाते.

दुकानात एक प्रश्न नक्की विचारा: इथेनॉल किती चालतं? बऱ्याच इंजिनांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच मुभा असते आणि पंपावर आता २० टक्क्यांचं पेट्रोल मिळतं. ते पाणी शोषतं, पडून राहिलं तर कार्बोरेटर चिकटतो. म्हणून काम संपलं की पेट्रोलची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं.

बोटीची मागची फळी आधी मोजा. १५ इंचाला शॉर्ट शाफ्टचं, म्हणजे आखूड दांड्याचं इंजिन, २० इंचाला लाँग. पंख्याच्या वरची आडवी पट्टी बोटीच्या तळाशी समपातळीत किंवा इंचभर खाली यावी. वर राहिली तर पंखा हवा खातो, इंजिन नुसतं ओरडतं. इंजिन फळीला धरणारे शिकंजे आवळून साखळी बांधा आणि पहिल्या फेरीनंतर पुन्हा आवळा. इंजिन बंद पाडणारी लाल दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला हवीच.

चालू केल्यावर इंजिन थंड करून मागून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या धारेवर नजर ठेवा. आपल्याकडं बुडालेल्या उसावरून जावं लागतं. पाला, ठिबकच्या नळ्या, जलपर्णी पंख्याला गुंडाळतात आणि पाणी ओढायची जाळी बुजते. धार बारीक झाली की इंजिन बंद, वर उचला, हातानं साफ करा. तशीच दामटली तर इंजिन तापून जाम होतं.

गढूळ पाण्यातून आल्यावर आम्ही २०० लिटरच्या बॅरलमध्ये स्वच्छ पाणी भरून इंजिन दहा मिनिटं चालवतो. मृग निघायच्या आधी पुन्हा तीच बॅरल, ताजं पेट्रोल, नवा प्लग. कोरडं मात्र कधीच चालू करत नाही, पाणी ओढणारा आतला रबरी पंखा काही क्षणांत जळतो.