हिवाळ्यातील बारा आठवडे: मुलांच्या बेसबॉल-सॉफ्टबॉल प्रशिक्षण केंद्राचा अनुभव

शिकागोच्या पश्चिमेकडील उपनगरांत नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत मैदानावर खेळण्याची सोय उरत नाही, त्यामुळे बेसबॉल आणि सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलांचे पालक या काळात एखाद्या बंदिस्त प्रशिक्षण केंद्राची वाट धरतात. आमच्या घरातून गेल्या हिवाळ्यात दोघे अशा एका केंद्रात जात होते: बारा वर्षांची मुलगी सॉफ्टबॉलसाठी आणि दहा वर्षांचा मुलगा बेसबॉलसाठी. जानेवारीच्या मध्यापासून बारा आठवडे, आठवड्यातून दोनदा सव्वा तासाचा वर्ग आणि प्रत्येकी ६४० डॉलर शुल्क, असा हा व्यवहार होता. केंद्राचे नाव मी येथे देत नाही, कारण त्यातील गुणदोष अशा बहुतेक केंद्रांत थोड्याफार फरकाने आढळतात, आणि पैसे भरण्यापूर्वी काय विचारावे हे इतर मराठी पालकांना कळावे एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

माझे स्वतःचे सॉफ्टबॉल अमरावतीच्या शाळेतले. आमचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होई आणि परीक्षा जवळ आल्या की संपे. खेळ बंद पडायचा तो पावसामुळे, थंडीमुळे नव्हे. हंगाम नसताना वेगळे प्रशिक्षण घ्यायचे असते ही कल्पनाच तेव्हा कोणाला नव्हती, आणि संघात हातमोजे मोजकेच असल्याने डाव बदलला की ते समोरच्या संघाच्या हवाली करावे लागत. त्यामुळे छपराखालच्या सॉफ्टबॉलकडे मी सुरुवातीला जरा संशयाने पाहत होते. वास्तविक या खेळाचा जन्मच छपराखाली आणि शिकागो शहरात झाला आहे: १८८७ च्या थँक्सगिव्हिंगच्या दिवशी फॅरागट बोट क्लबच्या सभागृहात जमलेल्या तरुणांपैकी जॉर्ज हॅनकॉक यांनी बॉक्सिंगचा हातमोजा बांधून त्याचा चेंडू केला आणि झाडूच्या दांड्याची बॅट केली, असा त्याचा इतिहास सांगितला जातो.

केंद्र म्हणजे एक जुने गोदाम आहे. आत फलंदाजीच्या सरावासाठी चारी बाजूंनी जाळी लावलेल्या आठ जागा (त्यांना येथे जाळ्या म्हणते), मध्ये कृत्रिम हिरवळीचा मोकळा पट्टा आणि एका भिंतीला लागून पालकांसाठी लोखंडी बाके. हिरवळीतील काळ्या रबराचे बारीक कण मोज्यांतून, पिशव्यांतून आणि गाडीच्या गालिच्यातून घरी येतात. एप्रिल उजाडला तरी आमच्या कपडे धुण्याच्या यंत्राच्या गाळणीत ते सापडत होते.

फलंदाजीचे शिक्षण हा या केंद्राचा सर्वांत भक्कम भाग आहे, असे मी निःसंकोच म्हणेन. पहिल्या तीन आठवड्यांत मुलांना कोणीही चेंडू टाकला नाही. चेंडू टी नावाच्या रबरी खुंटीवर ठेवायचा आणि जाळीच्या मागच्या भिंतीवर दाखवलेल्या एका विशिष्ट गाठीवर मारायचा, एवढेच काम होते, आणि बाकांवर बसलेल्या काही पालकांना ते अजिबात रुचले नव्हते. मुलाच्या वर्गातील प्रशिक्षकांनी एक सराव असा दिला की मला तो पाहत राहावासा वाटला. दोन टी एकामागोमाग, दीड-दोन फुटांच्या अंतराने, सारख्याच उंचीवर ठेवायच्या. मागचा चेंडू असा मारायचा की त्याने पुढच्या टीवरील चेंडूही उडवला पाहिजे. बॅट योग्य पातळीत पुरेसा वेळ राहिली तरच हे साधते. ती खालून वर उचलली गेली तर मागचा चेंडू पुढच्याच्या डोक्यावरून निघून जातो. आमच्या मुलाची बॅट नेमकी तशीच उचलली जात होती, कारण तळघरात बाबांबरोबर टेनिसच्या चेंडूने क्रिकेट खेळून त्याला मागचा खांदा पाडण्याची सवय जडली होती. प्रशिक्षकांनी त्या सवयीबद्दल चकार शब्द काढला नाही. ते उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसून फक्त चेंडू रचून देत राहिले, आणि चौथ्या आठवड्यात केव्हातरी दोन्ही चेंडू एकापाठोपाठ एक त्या गाठीखाली आदळले.

त्यानंतर येते पिचिंग मशीन, आणि येथे माझे मत केंद्राहून वेगळे आहे. यंत्र एकाच वेगाने, एकाच उंचीवर, ठरावीक अंतराने चेंडू फेकते. मूल पाच मिनिटांत त्याच्या तालाला सरावते, चेंडू खणखणीत लागू लागतात, आणि बाकावर बसलेल्या आईवडिलांना वाटते की पोराने बाजी मारली. प्रत्यक्ष सामन्यात मात्र फलंदाजाला पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूचा, हात, खांदा आणि चेंडू सुटण्याची जागा वाचावी लागते, आणि यंत्राला यांपैकी काहीच नसते. इंग्रजी एल अक्षराच्या आकाराच्या जाळीआड बसून प्रशिक्षक जेव्हा वीस फुटांवरून हाताने चेंडू टाकत, अधूनमधून मुद्दाम एखादा हळू किंवा बाहेरचा टाकत, तेव्हा तीच मुले चुकू लागत. माझ्या मते खरे शिक्षण त्या चुकांत होते. दुर्दैवाने फेब्रुवारीत वर्गातील मुलांची संख्या सहावरून अकरावर गेली आणि हाताने टाकलेल्या चेंडूंची जागा यंत्राने घेतली. नोंदणीच्या वेळी एका प्रशिक्षकामागे सहा मुले असे तोंडी सांगितले होते. ते लेखी घ्यायला हवे होते, ही माझी चूक.

चेंडू बॅटवरून किती वेगाने सुटला हे दाखवणारा पडदाही एका जाळीत आहे. त्यावर खऱ्या स्टेडियमचे चित्र दिसते आणि चेंडू कोठवर गेला असता तेही दिसते. मुलांना ते फार आवडते. महिन्यातून एकदा ठीक आहे. त्याहून अधिक वेळा मुलांना तेथे उभे केले की ती चेंडूकडे न पाहता आकड्याकडे पाहू लागतात.

मुलीच्या सॉफ्टबॉल पिचिंगच्या वर्गाबद्दल मात्र मला मनापासून चांगले लिहायचे आहे. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू खालून टाकला जातो, हात पवनचक्कीसारखा पूर्ण वर्तुळात फिरतो आणि चेंडू मांडीजवळ सुटतो. बारा वर्षांपर्यंतच्या मुलींच्या गटात पिचर आणि फलंदाज यांच्यातील अंतर ४० फूट असते. खालून टाकण्याची क्रिया नैसर्गिक आहे, म्हणून मुलगी कितीही चेंडू टाकू शकते, असा एक समज येथील पालकांत रूढ आहे आणि तो चुकीचा आहे. पवनचक्कीच्या फेकीत खांदा आणि दंडाच्या पुढच्या स्नायूवर मोठा ताण येतो. पाचव्या आठवड्यात आमच्या मुलीने खांद्याच्या पुढच्या बाजूला हात लावून चोळलेला प्रशिक्षिकेने पाहिला. मी पाहिला नव्हता. त्यांनी तिला तेथेच थांबवले, पूर्ण वर्तुळाच्या फेकी दोन आठवडे बंद केल्या आणि त्या काळात तिच्याकडून केवळ मनगटाची फिरकी आणि मागच्या पायाने जमीन ढकलण्याचा सराव करून घेतला. पुढचा पाय टेकण्याआधीच तिची छाती फलंदाजाकडे वळते आणि मग पायांनी करायचे काम खांद्याला करावे लागते, हे त्यांनी मोबाइलवर घेतलेले चित्रण थांबवून आम्हा दोघींना दाखवले. मार्चमध्ये तिच्या हाताचा खालचा भाग कमरेला घासून जाताना होणारा तो हलका आवाज पुन्हा ऐकू येऊ लागला, आणि दुखणे परत आले नाही.

याच छपराखाली, अवघ्या तीस पावलांवर, नेमका उलटा अनुभव आला. प्रवेशाच्या दिवशी मुलाच्या फेकीचा वेग यंत्राने मोजला गेला, ताशी ४४ मैल, आणि लगेच आमच्यासमोर वेग वाढवण्याच्या सहा आठवड्यांच्या स्वतंत्र योजनेचा रंगीत तक्ता ठेवण्यात आला. तिचे शुल्क ५५० डॉलर होते आणि तिच्यात जड-हलक्या वजनाचे चेंडू फेकायचे होते. दहा वर्षांच्या मुलासाठी. मी विश्रांतीचा विषय काढला तेव्हा काउंटरवरील तरुणाने हात वापरात राहिला तरच मजबूत राहतो असे सांगितले आणि इतर किती मुलांनी नाव नोंदवले आहे ते ऐकवले. आम्ही नकार दिला. त्यानंतर मार्चअखेरपर्यंत दर आठवड्याला त्या योजनेचा संदेश येत राहिला.

नकारामागील कारण सांगणे आवश्यक आहे, कारण अशी गळ सगळीकडेच घातली जाते. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल या संस्थांनी २०१४ मध्ये पिच स्मार्ट नावाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार ९ ते १० वर्षांच्या मुलाने एका दिवसात ७५ पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत, ६६ किंवा अधिक चेंडू टाकल्यास चार दिवस विश्रांती घ्यावी, आणि वर्षातून किमान चार महिने फेक पूर्णपणे बंद ठेवावी, ज्यांपैकी दोन ते तीन महिने सलग असावेत. आमचा मुलगा एप्रिल ते जुलै संघाकडून खेळतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शरदातील सामने असतात. ऑगस्टमध्ये पालकांच्या हौसेखातर एखादी स्पर्धा आणि हिवाळ्यात वेगाचा वर्ग त्यात घातला की चार महिने येणार कोठून? अलाबामातील अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी दहा वर्षे केलेल्या पाहणीत वर्षाला १०० हून अधिक डाव पिचिंग करणाऱ्या मुलांना गंभीर दुखापत होण्याची शक्यता साडेतीन पट आढळली होती. वजनी चेंडूंबाबत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १३ ते १८ वर्षांच्या पिचरना सहा आठवडे २ ते ३२ औंसांचे चेंडू फेकायला दिले होते. त्यांचा वेग सुमारे ३.३ टक्क्यांनी वाढला आणि त्यांच्यातील २४ टक्के जण जायबंदी झाले. खऱ्या बेसबॉलचे वजन ५ ते सव्वापाच औंस असते, हे ध्यानात घेतले म्हणजे ३२ औंस काय चीज आहे ते कळते.

कोपराच्या आतील बाजूचा अस्थिबंध तुटल्यावर करतात ती शस्त्रक्रिया १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी प्रथम टॉमी जॉन या पिचरवर केली आणि ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. ती व्यावसायिक खेळाडूंची गोष्ट, असे समजून पालक निर्धास्त राहतात. परंतु दहा-बारा वर्षांच्या मुलात अस्थिबंधापेक्षा हाडाच्या टोकाजवळची वाढीची कूर्चा अधिक नाजूक असते, आणि आधी तीच ताणली जाते. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी मुलाच्या कोपराच्या आतल्या उंचवट्यावर बोट ठेवून हे समजावले होते, म्हणून काउंटरवर मला उत्तर शोधावे लागले नाही. प्रशिक्षकांशी बोलून मुलगा फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत केवळ फलंदाजी आणि जमिनीवरचे चेंडू अडवण्याचा सराव करील, अडवलेला चेंडू बादलीत टाकील, फेकणार नाही, असे ठरवले. त्यांनी ते विनातक्रार मान्य केले, ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवायला हवी.

क्षेत्ररक्षणाबाबत फारसे सांगण्यासारखे नाही. कृत्रिम हिरवळीवर चेंडू सरळ आणि अपेक्षित उंचीने येतो, तर एप्रिलमधील ओल्या मातीवर तो कोठेही उसळतो. छत बुटके असल्यामुळे उंच झेलांचा सराव अशक्यच. बाहेरच्या पहिल्या सरावाला आमच्या मुलीसकट चौघींनी सोपे झेल डोक्यावरून जाऊ दिले. यात केंद्राचा दोष नाही, पण जाहिरातीत ‘संपूर्ण खेळाची तयारी’ असे शब्द होते.

व्यवस्थापन हा कच्चा दुवा आहे. बर्फामुळे दोन वर्ग रद्द झाले, त्यांची भरपाई त्याच महिन्यात करून घ्यावी अशी अट होती, आणि त्या महिन्यात एकही जागा रिकामी नव्हती. ते पैसे बुडाले. सुट्ट्या जाळीचे भाडे अर्ध्या तासाला ४० डॉलर आहे, ते मला अवास्तव वाटते, विशेषतः गावच्या पार्क डिस्ट्रिक्टच्या (सार्वजनिक उद्याने व क्रीडासोयी चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या) व्यायामशाळेत साधी टी आणि जाळी फार कमी पैशांत मिळत असताना. आठ-नऊ वर्षांच्या, नुकत्याच खेळू लागलेल्या मुलाला तेवढे पुरते. या केंद्राची फी त्याच्यासाठी भरू नये. ज्या मुलीला सॉफ्टबॉलमध्ये पिचिंग करायचे आहे, तिच्यासाठी मात्र मी हेच केंद्र सुचवीन, तेही त्याच प्रशिक्षिकेचा वर्ग मिळत असेल तर.

येत्या हिवाळ्यासाठी मुलीची नोंदणी आम्ही ऑक्टोबरमध्येच करणार आहोत, आणि या वेळी मुलांची कमाल संख्या व रद्द वर्गांची भरपाई या दोन्ही गोष्टी पावतीवर लिहून घेऊ. मुलगा मार्चपासून सहा आठवड्यांच्या फलंदाजी वर्गाला जाईल. तोवर त्याला पार्क डिस्ट्रिक्टच्या पोहण्याच्या तलावावर घातले आहे.